दंडाचा डबा

आमच्या मीरा रोडच्या घरात, देवघराखालच्या फडताळात, बोर्नव्हिटाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. बुडाला गंज धरलाय, रंग उडालाय आणि झाकणाच्या मधोमध सुरीने पाडलेली एक वेडीवाकडी फट आहे. दर दिवाळीच्या आवराआवरीत घरातलं पुष्कळ काही भंगारात गेलं, पण या डब्याला आईने कुणाला हात लावू दिला नाही. त्याचं नाव दंडाचा डबा.

हा डबा जन्माला आला १९७२च्या उन्हाळ्यात, कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनीमध्ये. अश्विनी नौदलाचं रुग्णालय. पण तिथे उपचाराला तिन्ही दलांची माणसं येतात, त्यामुळे एका रांगेतल्या खाटांवर पांढरा, हिरवा, निळा असा भेद नसतो. बांगलादेशचं युद्ध संपून काही महिने झाले होते. हाडांच्या वॉर्डात चार मराठी माणसं शेजारी शेजारी आली. माझे बाबा नौदलाचे, जहाजाच्या उभ्या शिडीवरून घसरून नडगी मोडलेली. त्यांच्या डावीकडे हवाईदलातले रेडिओ ऑपरेटर, हॉकी खेळताना खांदा निखळलेला. समोर लष्करातले दोघे. एक तोफखान्यातले, तोफेच्या चाकाखाली मनगट सापडलेलं. दुसरे मराठा लाइट इन्फंट्रीचे, पूर्व आघाडीवरून मांडीत छर्रे घेऊन आलेले. आम्ही मुलं पुढे त्यांना हुद्द्यांनीच हाक मारायला लागलो: सार्जंटकाका, सुभेदारकाका, हवालदारकाका. बाबांना ते तिघे नुसतं ‘नेव्ही’ म्हणायचे.

वॉर्डात भांडण पेटलं ते कराचीवरून. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, म्हणून ४ डिसेंबरला नौदल दिन पाळतात. बाबा हे पाढ्यासारखं रोज म्हणायचे. सार्जंटकाका तितक्याच रोज सांगायचे की त्याच दिवशी सकाळी जामनगरहून उडालेल्या हंटर विमानांनी कराचीतल्या कियामारीच्या तेलटाक्यांवर मारा केला होता. ‘तुम्ही रात्री पोचलात तेव्हा आमच्या जाळाच्या उजेडात रस्ता सापडला तुम्हाला!’ या टाक्या कुणी पेटवल्या, यावर दोन्ही दलांची जुनी माणसं आजही तावातावाने बोलतात. आमच्या वॉर्डात ते भांडण एकदा मध्यरात्री सुरू झालं. सुभेदारकाकांना तोफांनी थोडा बहिरेपणा दिला होता, त्यामुळे ते मध्ये पडले की आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत जायचा. रात्रपाळीच्या सिस्टर आल्या. मिलिटरी नर्सिंगच्या सिस्टर म्हणजे अधिकारी, त्यांच्यासमोर चारही जण पडल्या पडल्या सावधान. त्यांनी टेबलावरचा बोर्नव्हिटाचा रिकामा डबा उचलला, फळं कापायच्या सुरीने झाकणाला फट पाडली आणि फर्मान काढलं: जो आपल्या दलाची फुशारकी मारेल, त्याने दहा पैसे यात टाकायचे.

चौघे वॉर्डातून बाहेर पडेपर्यंत डब्यात साडेसहा रुपये जमले होते. सिस्टरनी डबा बाबांच्या हवाली केला, कारण त्यांचा दंड सगळ्यात जास्त होता.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत अशा दोस्तीला पुण्याजवळची खडकवासल्याची एनडीए कारण असते. तिथे तिन्ही दलांचे कॅडेट एकाच छपराखाली राहतात, एकच रगडा खातात आणि मग वेगवेगळ्या गणवेशात जातात. ‘कोर्समेट’ हा शब्द त्यांच्यात सख्ख्या भावाच्या जवळ जातो. १९९१मध्ये लष्कराचे रॉड्रिग्ज, नौदलाचे रामदास आणि हवाईदलाचे सुरी हे तिघेही प्रमुख एकाच पहिल्या कोर्सचे होते. पुढे मनोज नरवणे, करमबीर सिंग आणि भदौरिया हे तिघेही एनडीएच्या ५६व्या कोर्सचे निघाले, आणि तिघांचेही वडील हवाईदलात होते. ही बातमी वाचून सार्जंटकाका पेपर घेऊन आमच्याकडे आले, बाबांच्या हातात दिला आणि एक शब्दही न बोलता डब्यात पाच रुपये टाकून गेले. साध्या जवानांना, नाविकांना, एअरमनना असा कोर्स नसतो. त्यांची दोस्ती जमते ती रेल्वेच्या मिलिटरी डब्यात, कँटीनच्या रांगेत आणि रुग्णालयाच्या वॉर्डात. तिची नोंद कुठल्या पुस्तकात होत नाही, म्हणून ती इथे लिहून ठेवावीशी वाटते.

बाबा निवृत्त झाल्यावर माझगाव डॉकमध्ये लागले. १९८८मध्ये त्यांनी मीरा रोडला घर घेतलं. तेव्हा स्टेशनबाहेर मिठागरं आणि चिखल. इमारती भराभर उठत होत्या, पाणी मात्र टँकरचं. मुंबईत न परवडणारं घर इथे परवडत होतं, म्हणून बाबांनी आधी सार्जंटकाकांना ओढलं, मग सुभेदारकाकांना. एका सोसायटीत तीन मजल्यांवर तीन दलं झाली.

टँकर आला की सुभेदारकाका जिन्यापाशी उभे. बादल्यांची रांग सरळ, म्हाताऱ्या बायका पुढे, धट्टेकट्टे मागे. जहाजावर गोडं पाणी मोजून मिळतं, त्यामुळे बाबा सगळ्या इमारतीला अर्ध्या बादलीत आंघोळ शिकवायचे. गच्चीवरच्या टाकीचं काम सार्जंटकाकांचं, कारण ‘उंचीवरचं काम हवाईदलाचं’. बाबा गच्चीला ‘अपर डेक’ म्हणायचे आणि लष्करवाल्यांना ‘पायी वारीवाले’. सुभेदारकाका उलट बाबांना ‘होडीवाले’ म्हणायचे, आणि सार्जंटकाकांना विचारायचे, ‘काय, आज जमिनीवर उतरलात?’ कँटीनच्या सामानावरूनही चढाओढ. बाबा सामान मार्व्याच्या आयएनएस हमलातून आणायचे, सुभेदारकाका कांदिवलीच्या ऑर्डनन्स डेपोतून, आणि कुणाचं साबण-तेल चांगलं यावर दोन रुपयांचे दंड पडायचे. दंड आता दोन रुपये झाला होता.

सण तीन. १५ जानेवारी लष्कर दिन, ८ ऑक्टोबर हवाईदल दिन, ४ डिसेंबर नौदल दिन. ज्याचा दिवस त्याने घरी बसायचं आणि बाकीच्या दोघांनी पेढे घेऊन त्याच्या दारात यायचं, असा रिवाज होता. चौथा माणूस मात्र या तिन्ही दिवशी नसायचा. त्याचा एक नारळ यायचा.

हवालदारकाका मीरा रोडला आलेच नाहीत. ते गेले होते भारताच्या पार टोकाला, ग्रेट निकोबार बेटावर.

ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. १९६९पासून सरकारने ग्रेट निकोबारवर माजी सैनिकांना नेऊन वसवलं. पहिली तुकडी पंजाबची, मग महाराष्ट्र, केरळ, तमिळनाडू आणि इतर राज्यांतली माणसं. १९८०पर्यंत अशी ३३० कुटुंबं तिथे गेली. तिथून सुमात्रा सुमारे दीडशे किलोमीटर आणि पोर्ट ब्लेअर पाचशेहून जास्त. सीमेवरच्या बेटावर शिस्तीची, हत्यार हाताळलेली माणसं असावीत, हा विचार. जमीन मिळाली, पण ती घनदाट जंगलाखालची. सीमा सडक संघटनेने रस्ते काढले, आणि पूर्व किनाऱ्यावर कॅम्पबेल बेपासून दक्षिणेकडे एकामागून एक वस्त्या झाल्या: गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर आणि शेवटी, पस्तिसाव्या किलोमीटरला, शास्त्रीनगर. त्याच्या पुढे गलाथिया नदी आणि मग इंदिरा पॉइंट, देशाचं दक्षिण टोक.

हवालदारकाका १९७८मध्ये बायको आणि दोन मुलं घेऊन गेले. साताऱ्याकडच्या कोरडवाहू गावात चार भावांत वाटणी होऊन जे वाट्याला येत होतं, त्यात पोट भरत नव्हतं. बेटावर त्यांनी नारळ लावले, सुपारी लावली, काजू लावला. वर्षातून एकदा कुणी मुंबईकडे येणारं भेटलं की त्याच्याबरोबर एक नारळ यायचा. जहाजाने पोर्ट ब्लेअर, जहाजाने चेन्नई, रेल्वेने दादर. नारळाच्या सोडणावर काळ्या रंगाने लिहिलेलं असायचं: ‘तिन्ही दलांना सारखा वाटावा.’ ते कधी जमलं नाही. खोबऱ्याचे तीन सारखे भाग करताना आईपुढे तिघे बसून असायचे आणि तिघांनाही आपला तुकडा लहान वाटायचा.

२६ डिसेंबर २००४, रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ समुद्रतळ हलला. आम्हाला टीव्हीवर कळायला साडेनऊ-दहा वाजले. आधी चेन्नईचा मरीना, मग नागपट्टणम. बाबांनी माझ्या मुलीचा शाळेचा नकाशा मागून घेतला. त्यात अंदमान-निकोबार कोपऱ्यातल्या चौकटीत, ग्रेट निकोबार तुरीच्या डाळीएवढं. बाबांनी त्याच्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसले. दुपारी कार निकोबारचं नाव आलं. तिथल्या तळावर हवाईदलाने आपली माणसं आणि त्यांच्या घरचे मिळून शंभरहून अधिक जीव गमावले. तेव्हाचे हवाईदलप्रमुख कृष्णस्वामी यांनी पत्रकारांना सांगितलं की तळावरून आलेला शेवटचा निरोप असा होता, की बेट बुडतंय, सगळीकडे पाणी आहे. सार्जंटकाका तरुणपणी काही महिने कार निकोबारला राहिले होते. कार निकोबार सपाट बेट आहे, चढून जायला डोंगर नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते आमच्या सोफ्यावर बसून एकच वाक्य म्हणाले, ‘तिथे पळायला जागा नाही रे.’ त्या दिवशी कुणी कुणाची थट्टा केली नाही.

ग्रेट निकोबारचं मात्र कुणी नावच घेत नव्हतं. फोन लागत नव्हते. बाबा दुसऱ्या दिवशी लायन गेटला गेले. डॉकयार्डात जुन्या ओळखी होत्या. नौदलाने अंदमानसाठी, तमिळनाडूसाठी, श्रीलंकेसाठी, मालदीवसाठी आणि इंडोनेशियासाठी वेगवेगळ्या मोहिमा काढल्या होत्या. नौदलप्रमुख होते अरुण प्रकाश. अंदमान-निकोबार हा देशातला तिन्ही दलांचा पहिला एकत्रित कमांड २००१मध्ये उभा राहिला, तेव्हा त्याचे पहिले प्रमुख तेच. आता त्या खुर्चीवर लष्कराचे लेफ्टनंट जनरल ठाकूर होते. जहाजं नौदलाची, विमानं हवाईदलाची, हुकूम लष्करी अधिकाऱ्याचा. बाबा घरी येऊन हे सांगत होते आणि सुभेदारकाका नुसती मान हलवत होते. सुभेदारकाकांनी स्वतः बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला, ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला, जिथे जिथे फोन लागला तिथे नाव आणि नंबर लिहवला.

खबर आणली ती सार्जंटकाकांनी. त्या डिसेंबरात भारती प्रसाद आपल्या पथकासह पोर्ट ब्लेअरला हॅम रेडिओची मोहीम घेऊन गेल्या होत्या. सगळी संपर्कयंत्रणा कोलमडली तेव्हा या हौशी रेडिओवाल्यांनी आपला कार्यक्रम सोडून बेटांवरच्या माणसांचे निरोप देशभर पोचवायला सुरुवात केली. सार्जंटकाकांचा एक जुना सोबती हॅम होता. सहा रात्री काका त्याच्या घरी, कानाला हेडफोन. सातव्या दिवशी पहाटे त्यांनी आमची बेल वाजवली. निरोप मराठीत निघाला असणार, पण तीन तोंडांतून येताना त्याचं इंग्रजी झालं होतं. काकांनी तो पुन्हा मराठीत केला आणि कॅलेंडरच्या पाठीवर लिहून आणला: ‘सगळे आहोत. घर नाही. काळजी नको.’ आईने आधी देवापुढे दिवा लावला. मग सुभेदारकाकांना उठवायला बाबा तसेच, अनवाणी, दोन मजले चढून गेले.

तिकडे काय झालं होतं ते हवालदारकाकांनी आम्हाला पुढे सांगितलं. जमीन थांबायला तयार नव्हती. धड उभं राहता येईना. मग समुद्र आत ओढला गेला आणि खडक उघडे पडले. काकांनी आयुष्यात त्सुनामी हा शब्द ऐकला नव्हता, पण पाण्याचं हे वागणं बरं नाही इतकं त्यांना कळलं. त्यांनी आरडाओरडा करून आसपासच्या घरातली माणसं टेकडीकडे पिटाळली. वरून त्यांनी आपलं घर जाताना पाहिलं. रस्ता ठिकठिकाणी खचून समुद्रात गेला होता. कॅम्पबेल बेपर्यंत ते जंगलातून चालत आले, बरोबर बायका, पोरं, म्हातारी माणसं. दर संध्याकाळी, काळोख पडायच्या आत, ते सगळ्यांना एका रांगेत बसवून ‘गिनती’ घ्यायचे. पलटणीत हजेरीला गिनती म्हणतात. ‘सत्तावीस निघाले, सत्तावीस पोचले,’ हे सांगताना त्यांनी मांडीवर हात आपटला होता.

इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खाली गेलं. तिथलं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. अंदमान-निकोबारमध्ये मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे साडेतीन हजार माणसं गेली. शास्त्रीनगर, गांधीनगर या माजी सैनिकांच्या वस्त्या धुऊन निघाल्या. तीस-पस्तीस वर्षं घाम गाळून काढलेली जमीन खाऱ्या पाण्याखाली गेली.

आता डब्याकडे येतो. मदत पाठवायची हे तिघांनाही मान्य होतं, पण हवालदारकाका मदत घेणार नाहीत हेही तिघांना पक्कं माहीत होतं. हा माणूस अश्विनीत असताना शेजारच्या खाटेवरचं मोसंबं घेतलं तर दुसऱ्या दिवशी दोन परत करायचा. तेव्हा सुभेदारकाका म्हणाले, ‘दंडाचा डबा आहे ना. त्यात त्याचाही हक्क आहे. तो पाठवू.’ ठरलं. डबा रविवारी उघडायचा.

मधल्या चार दिवसांत काय झालं, ते फक्त आईने पाहिलं. सोमवारी रात्री सार्जंटकाका आले. बाबा झोपले होते. ‘वहिनी, आज ट्रेनमध्ये हवाईदलाबद्दल फार बोललो,’ म्हणाले आणि पाचशेच्या दोन नोटा घडी करून फटीत सरकवल्या. मंगळवारी सुभेदारकाका: ‘काल नाक्यावर तोफखान्याची बढाई मारली.’ बुधवारी पुन्हा सार्जंटकाका. गुरुवारी पहाटे पाण्याला उठलेल्या आईला स्वयंपाकघरात बाबा दिसले, अंधारात, डबा मांडीवर घेऊन. त्यांनी नोटांची फारच जाड घडी केली होती आणि ती फटीत जाईना. आईने झाकण काढून दिलं. तिघांपैकी कुणीही कुणाला काही सांगितलं नाही. रविवारी तिघांच्या समोर डबा उघडला तेव्हा ₹९,४३८ निघाले. दोन रुपयांच्या दंडाचा डबा! तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सुभेदारकाका म्हणाले, ‘यंदा फुशारकी जरा जास्तच झाली.’

एका मनीऑर्डरीने पाच हजारांपेक्षा जास्त जात नसत, म्हणून दोन फॉर्म भरले. संदेशाच्या जागेत बाबांनी लिहिलं: ‘मदत नाही. दंड आहे. तू पंच म्हणून तुझ्याकडे जमा करतो.’

मार्चमध्ये उलटी मनीऑर्डर आली. ₹११. पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्या माणसाने पाठवलेली. संदेशात लिहिलं होतं: ‘जहाजावर नेव्हीच्या पोरांसमोर मराठा पलटणीची तारीफ केली. दंड पावला की कळवावे.’ बाबांनी ती चिठोरी दाढीच्या आरशामागे खोचून ठेवली. ती तिथे कित्येक वर्षं होती.

जूनमध्ये हवालदारकाका स्वतः आले. पहिला वाद अर्थातच यावर, की त्यांना आणलं कुणी. जंगलातून स्वतःच्या पायांनी चालत आले म्हणजे लष्कराने. कॅम्पबेल बेहून जहाजाने हलवलं म्हणजे नौदलाने. सार्जंटकाकांनी पोर्ट ब्लेअरच्या धावपट्टीवर दिवसरात्र उतरणाऱ्या विमानांचा हिशेब मांडला. हवालदारकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला: ‘चेन्नईपासून इथपर्यंत रेल्वेने आणलं. पहिला नंबर रेल्वेचा.’ राष्ट्रीय स्पर्धांमध्ये सेनादलाच्या संघांना कायम टक्कर देतात ते रेल्वेचेच संघ, त्यामुळे तिघांनाही हा निकाल सारखाच झोंबला.

ते आले होते कागदांसाठी. डिस्चार्ज बुक, पेन्शनची पीपीओ, पदकं, सगळं समुद्रात गेलं होतं. माजी सैनिकाला डिस्चार्ज बुकाशिवाय स्वतःला सिद्धच करता येत नाही. एका कार्यालयाच्या खिडकीवर त्यांना सांगण्यात आलं की कागद हरवल्याचा कागद आणा. सुभेदारकाका त्यांना घेऊन बेळगावला गेले. तिथल्या रेकॉर्ड ऑफिसात प्रत्येक जवानाचा ‘शीट रोल’ असतो, भरतीपासूनची सगळी नोंद. बाबू नंबर विचारून आत गेले आणि अर्ध्या तासाने एक पिवळी पडलेली जाड फाईल घेऊन आले. त्यात अंगठ्याचे ठसे होते, शरीरावरच्या खुणा होत्या, आणि १९६०चा एक फोटो. वीस वर्षांचा पोरगा, कापलेले केस, ताणलेली मान. हवालदारकाकांच्या घरातले सगळे फोटो गेले होते. बायकोने तरुणपणीचा नवरा ज्यात पाहावा असं जगात एकही चित्र उरलं नव्हतं, आणि ते बेळगावच्या कपाटात पंचेचाळीस वर्षं जपून ठेवलेलं होतं. सुभेदारकाका सांगायचे की तो टेबलाशी उभ्या उभ्या फोटोकडे पाहत राहिला, मग त्याने नकळत टाचा जुळवल्या. साहेबांनी झेरॉक्स काढू दिली. ती झेरॉक्स त्यांनी घामाने भिजू नये म्हणून पोळीच्या डब्यात घालून मीरा रोडला आणली.

कागदांचं पुढचं काम चालू असताना २६ जुलै उजाडला. त्या मंगळवारी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी अंधेरीला कामावर अडकलो. दुसऱ्या दिवशी रुळांवरून, कमरेएवढ्या पाण्यातून, लोकांच्या रांगेमागे चालत घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. जिन्याच्या पायऱ्यांवर खडूने रेघा मारलेल्या होत्या. प्रत्येक रेघेशी वेळ: सव्वातीन, चार, पावणेपाच. सातव्या पायरीवर शेवटची रेघ. हवालदारकाका रात्रभर जिन्यात बसून पाणी मोजत होते. बाबांना भरती-ओहोटी तोंडपाठ. दुपारी भरती होती, खाडी पाणी घेणार नाही, ओहोटी लागेपर्यंत चढतच राहील, असं त्यांनी आधीच सांगितलं. त्यावरून तळमजल्यावरची चार घरं वेळेत वर हलवली. सार्जंटकाकांचा ट्रान्झिस्टर बातम्यांना लावलेला. सुभेदारकाका जेवणाला, कारण दाळभाताचं पातेलं रांगेत कसं फिरवायचं ते त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं. आणि रात्री नऊला, मेणबत्तीच्या उजेडात, हवालदारकाकांनी सगळ्या इमारतीची गिनती घेतली. त्रेसष्ट माणसं आणि दोन मांजरं. मला त्यांनी ‘बाहेर ड्यूटीवर’ असं लिहून घेतलं होतं. मी चिखलाने भरलेला दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी वही काढून माझ्या नावापुढे खूण केली आणि मगच आईला मला जवळ घेऊ दिलं.

बाबा त्यांना म्हणाले होते, इथेच राहा, आपण सोसायटीत खोली बघू. काकांनी नाही म्हटलं. ‘नारळ लावायचेत,’ इतकंच कारण दिलं. सप्टेंबरात ते परत गेले.

पुढची वर्षं भराभर गेली. मार्च २००६मध्ये हवाईदलाने सलामीची पद्धत बदलली. तोवर त्यांचा सलाम लष्करासारखाच, तळवा समोर. नौदलाचा तळवा खाली. सुभेदारकाका सार्जंटकाकांना ‘तुमचा सलाम आमच्याकडून उसना’ असं चिडवायचे. आता हवाईदलाचा हात दोघांच्या मधल्या कोनात आला. निवृत्त होऊन दोन तपं झालेले सार्जंटकाका आठवडाभर आरशासमोर उभे राहून नवा सलाम घटवत होते. १५ ऑगस्टला सोसायटीच्या ध्वजवंदनात पहिल्यांदाच तीन हात तीन तऱ्हेने उठले. २०१२मध्ये कॅम्पबेल बेला आयएनएस बाझ हा नौदलाचा हवाई तळ सुरू झाला. बाबांनी आनंदाने बेटावर फोन लावला, आणि सार्जंटकाका मागून ओरडत होते, ‘विमानं उडवायची तर आम्हाला विचारून उडवा म्हणावं!’

ऑगस्ट २०१८मध्ये मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे काश्मीरच्या गुरेझमध्ये शहीद झाले. त्यांना निरोप द्यायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते. आमचे तिघे म्हातारे सकाळीच पदकं लावून निघाले. ट्रक समोरून गेला तेव्हा तळवा समोर, तळवा खाली आणि मधला, असे तीन सलाम एका क्षणी उठले आणि ट्रक वळणाआड गेला तरी खाली आले नाहीत. घरी परतल्यावर सुभेदारकाकांनी बाबांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले आणि बाबांनी त्यांना आपल्या हाताने पाणी दिलं.

आता बाबा नाहीत, सुभेदारकाकाही नाहीत. ग्रेट निकोबारवर मोठं बंदर आणि विमानतळ यायचं आहे. विमानतळाची जागा गांधीनगर आणि शास्त्रीनगरच्या बाजूलाच. ज्या जमिनीवर त्या कुटुंबांनी एकदा जंगल काढून आणि एकदा समुद्र गेल्यावर, अशी दोनदा शेती उभी केली, ती पुन्हा सोडायची वेळ त्यांच्यावर येते आहे. हवालदारकाका त्याबद्दल फोनवर बोलत नाहीत. नारळ कसे धरलेत ते सांगतात.

मागच्या ८ ऑक्टोबरला सार्जंटकाकांकडे पेढे घेऊन मी गेलो. आता तो रिवाज माझ्याकडे आलाय. काका ब्याऐंशीचे. मी बसलो असतानाच माझ्या मोबाइलवर ₹११ जमा झाल्याचा संदेश वाजला. पाठवणारा हवालदारकाकांचा नातू. गेल्या वर्षी तो हवाईदलात भरती झाला. खाली चार शब्द होते: ‘आजोबा आज शेजाऱ्यांना म्हणाले, आमचं हवाईदल. दंड जमा करावा.’

सार्जंटकाकांनी कानातलं यंत्र नीट बसवलं आणि म्हणाले, ‘पुन्हा वाच.’ मी वाचलं. ‘आमचं म्हणाला?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग ते काठी शोधू लागले, कारण डबा आमच्या घरी होता आणि अकरा रुपये त्यांना स्वतःच्या हाताने टाकायचे होते.